पहिल्या तारखेच्या सह्या

लिफ्टवाल्यांची कचेरी तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, हा विनोद अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हयातीपासून चालत आला होता. जिना चढून आलेला प्रत्येक नवा माणूस दम खात तो करी, आपणच तो पहिल्यांदा केला अशा समजुतीने, आणि धाकटा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे. त्या रविवारी दुपारी वकीलबाई जिना चढून आल्या, दारात थांबून त्यांनी दम खाल्ला, रुमालाने मान पुसली, आणि विनोद केला नाही. प्रकरण किती गंभीर आहे, हे धाकट्याला समन्सपेक्षा त्यावरून अधिक कळले.

दादा खिडकीकडे पाठ करून बसला होता. मोतिबिंदू काढलेल्या डोळ्याला उजेड अजून सोसत नसे. आठ दिवसांपूर्वी त्याला अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. मधल्या सहा तासांबद्दल त्याने घरात एवढेच सांगितले होते की तिथला पंखा नीट बसवलेला नव्हता. उद्या अकरा वाजता त्याला पुन्हा जायचे होते, सह्यांचा नमुना द्यायला.

जे घडले ते थोडक्यात सांगता येण्यासारखे होते, आणि गेल्या महिनाभरात घरातल्या प्रत्येकाने ते मनातल्या मनात थोडक्यात सांगून पाहिले होते. चौदा तारखेला, देखभालीचा करार यांच्याकडे असलेल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक निवृत्त परिचारिका बाहेर निघाली. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. तिने कोपराने लिफ्टचे दार ओढले, ते उघडले, आणि पिशव्या अडकू नयेत म्हणून ती उलट्या पावली आत शिरली. आत केबिन नव्हती. केबिन तळमजल्यावर उभी होती.

पंचनाम्यात त्या दाराच्या कुलपावर वीतभर लांबीची तार सापडली. दार पक्के लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून कुलपात विजेचा एक जोड असतो. तपासणीच्या वेळी कारागीर त्या जोडावर तार टाकतो, म्हणजे दार उघडे असूनही लिफ्टला ते बंद वाटते; तशी ती चालवून पाहतो, आणि जाताना तार काढून नेतो. ही तार कुणी काढली नव्हती; म्हणून दार पक्के लागलेले नसतानाही केबिन खाली निघून गेली. अकरा तारखेच्या तपासणीची नोंद मात्र वहीत होती: सर्व दारांची कुलपे तपासली, ठीक. खाली परवानाधारकाची, म्हणजे दादाची, सही.

वकीलबाईंनी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले. मग त्या एकेकाकडे पाहत गेल्या: दादा; त्याची बायको, जिला घरातले सगळे वहिनी म्हणत; कचेरी सांभाळणारी, लग्न न केलेली बहीण, ताई; आणि साठीच्या उंबरठ्यावर येऊनही धाकटाच राहिलेला भाऊ. पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या की त्या एकट्या दादाच्या वकील आहेत, आणि बाकीच्यांनी बाहेर बसलेले बरे.

ताईला ते लागले. "आमच्यात एकमेकांपासून लपवलेलं काही नाही."

"चांगलं आहे. पण मी आणि हे दोघंच असलो तर आमच्यात काय बोलणं झालं, ते आम्हाला कुणी विचारू शकत नाही. तुम्ही बसलात तर ते तुम्हाला विचारता येतं. आणि तुम्हाला शपथेवर उत्तर द्यावं लागतं."

कुणी उठले नाही. या घरात उठून जाणे म्हणजे रुसणे. त्याचा दुसरा अर्थ त्यांना माहीत नव्हता. वकीलबाईंनी दादाकडे पाहिले. बसू द्या, असा त्याने हात हलवला. पुढे त्या दुपारी जे झाले त्याची सुरुवात या हात हलवण्यात होती.

मग त्यांनी आरोप समजावून सांगितला, एखाद्याने अवघड पत्ता सांगावा तसा, वळणे मोजत. सध्या आरोप एकच होता, हयगयीने मृत्यू घडवल्याचा. सरकारी वकिलाला त्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील: काळजी घेणे हे दादाचे काम होते, ती त्याने घेतली नाही, आणि बाई गेली ती त्यामुळेच. दादाला काहीही सिद्ध करायचे नव्हते. त्याने खटलाभर तोंड उघडले नाही तरी चालणार होते, आणि न उघडण्याचा कुणी अर्थ काढू नये असा नियम होता. माणसे काढतात, त्या म्हणाल्या, पण नियम आहे.

या आरोपाच्या वर एक पायरी होती. धोका आहे हे ठाऊक असून तो तसाच राहू दिला, असे दिसले तर कलम बदलते. दोन वर्षांची दहा होतात, जामीनही पुन्हा मागावा लागतो. "हयगय म्हणजे लक्षात आलं नाही. त्याच्या वरचं म्हणजे माहीत होतं." त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि पेन आणि टोपण यांच्यामध्ये पंजाभर जागा सोडली. "ही मधली जागा राखणं, एवढंच माझं काम. म्हणून 'माहीत होतं' हे शब्द या खोलीत कुणी, कशाहीबद्दल, सहजसुद्धा बोलू नयेत."

धाकट्याला गप्प बसवेना. इमारतीचा रखवालदार, तो म्हणाला, कुलपांशी खेळायचा. दार अडकले की पेचकस घेऊन स्वतःच खटपट करायचा, साऱ्या इमारतीला ठाऊक आहे. वकीलबाईंनी शांतपणे विचारले की त्या रखवालदाराला सापडलेल्या तारेसारखे टोक सोलून त्याला डोळा, म्हणजे गोल फासा, करता येतो का. धाकटा उत्तर द्यायच्या आधीच दादा म्हणाला, "तो डोळा अण्णांचा आहे. दोन फेरे आणि एक उलटा. गावात दुसरं कुणी तसा करत नाही."

"हे तुम्ही मला सांगितलंत," वकीलबाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या कुणाला सांगू नका."

*

वहिनी या क्षणाची वाट पाहत होती. आठ दिवस तिने एक कागद कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवला होता, आणि दिवसातून दोनदा तो जागेवर आहे ना हे हात घालून पाहिले होते. तो तिने आता टेबलावर ठेवला. डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद. अकरा तारीख. सकाळी सातला दाखल, दुपारी चारला सोडले. मधल्या वेळात उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया. डाव्या डोळ्याने मुळातच कमी दिसते, असाही शेरा.

तिने दादाच्या संसारात अडतीस वर्षे काढली होती आणि या धंद्यात तिला कधी कुणी काही विचारले नव्हते. दोर किती जाडीचा, चाक कुठून आणायचे, कुठला करार सोडायचा, सगळे या टेबलावर तिघा भावंडांत ठरे, आणि ती जेवायला किती जण ते विचारायला येई. आज तिच्या हाती हुकमाचे पान होते. "हे तिथं नव्हतेच," ती म्हणाली. "सही यांची असूच शकत नाही. उद्या नमुना दिला की त्यांनाही कळेल. आणखी काय लागतं?"

वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला. चांगला आहे, त्या म्हणाल्या, फार चांगला. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो वहिनी सोडून तिघांच्याही मनात आठ दिवस पाय दुमडून बसला होता.

"मग ही सही कुणाची?"

सहीचा इतिहास या घरात सगळ्यांना पाठ होता. परवाना एकाच्या नावाने मिळतो आणि लिफ्ट शंभर ठिकाणी बंद पडतात. अण्णा बाहेर असत आणि कागद दारात थांबलेले असत. म्हणून अण्णांची सही तिन्ही मुलांना येत होती. जेवणानंतर पाटीवर चढाओढ चाले. अण्णा गेले, परवाना दादाच्या नावावर आला, आणि चढाओढ नव्या सहीची सुरू झाली. त्यात ताईने दोघांना मागे टाकले, खुद्द दादालाही. एकदा परवान्याच्या नूतनीकरणात दादाने आपल्या हाताने सही केली, तर सरकारी कचेरीने सही जुळत नाही म्हणून कागद परत पाठवला. ताईने केली, जुळली. ही गोष्ट पाहुण्यांना सांगून घर कित्येक वर्षे हसले होते.

आता दादा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"माझी," ताई म्हणाली.

वकीलबाईंनी तळहात वर केला. "तुम्ही माझ्या अशील नाही. पुढे बोलू नका."

पण ताईला मध्येच थांबता येत नसे. चाळीस वर्षे तिने प्रत्येक नोंद शेवटच्या रकान्यापर्यंत भरली होती. अकरा तारखेची सही तिने अकराला केलेली नव्हती, ती म्हणाली. ती एक तारखेची होती. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी ती सगळ्या इमारतींच्या वह्या पुढ्यात घेई आणि त्या महिन्याच्या सगळ्या तपासण्यांखाली एका बैठकीत सह्या करून ठेवी. मजकूरही तोच असे, तोही लिहून टाकी. एका दमात केल्या की हात बसतो, सही ढळत नाही. मग कारागीर जाई, काम करी, वही महिनाअखेरीपर्यंत इमारतीत ठेवून येई. काही अडले तर परत येऊन सांगे आणि ती पान बदली.

म्हणजे ती तार टाकली जाण्याच्या दहा दिवस आधीच सगळी कुलपे ठीक होती. वकीलबाईंनी पेनाचे टोपण उचलले, हातात धरून ठेवले आणि पुन्हा टेबलावर ठेवले, या वेळी पेनाच्या जरा जवळ.

*

यानंतर जी युती झाली ती या कुटुंबाच्या इतिहासात आधी कधी झाली नव्हती. पडद्यांच्या रंगापासून अण्णांच्या आजारपणात डॉक्टर बदलावा की नाही इथपर्यंत ताई आणि वहिनी यांचे एकमत असे कधी झालेच नव्हते. आता दोघी एकच वाक्य आळीपाळीने बोलत होत्या. दादाने उद्या नमुना द्यावा आणि सही आपली नाही म्हणून सांगावे.

"खरंच तर आहे ते," वहिनी म्हणाली. "खोटं कुठं बोलायचंय."

"माझं वय काय, मागं कोण आहे माझ्या," ताई म्हणाली. "मला आत बसवलं तरी तिथल्या वह्या नीट लावून येईन."

धाकटा हसला, आणि हसल्याबद्दल त्याला लगेच स्वतःची लाज वाटली. तो या दोघींच्या मध्ये बसला होता, लहानपणी बसे तसा, आणि त्याच्याबद्दल अजून कुणी काही बोलले नव्हते. अकरा तारखेला त्या इमारतीत कोण गेले होते हे सगळ्यांना ठाऊक होते. घरात कामाचा फळा होता. त्यावर दर आठवड्याला कुणी कुठे जायचे ते खडूने लिहिले जाई. अकरा तारखेपुढे त्याचे नाव होते. फळा कुणी पुसला नव्हता, आणि एक महिना त्यावर कुणी काही नवे लिहिलेही नव्हते.

त्याला अण्णांचा नियम आठवत होता. खरे तर दुसरे काही आठवतच नव्हते. कुलपावर तार टाकलीस की आपल्या घराची किल्ली तिच्या डोळ्यात अडकव, अण्णा म्हणत. तार विसरशील, पण घरी जायचं विसरणार नाहीस. दारात उभा राहशील, खिसा चाचपशील, आणि धावत परत जाशील. पन्नास वर्षांत कुणाचीही तार मागे राहिली नव्हती. धाकटा दोनदा आपल्या दारातून परत गेला होता, एकदा तर पावणेदोन कोस.

"मी किल्ली अडकवली नव्हती," तो म्हणाला.

वकीलबाईंना हे कळले नाही. दादाने त्यांना दोन वाक्यांत नियम सांगितला. मग सगळ्यांचे डोळे धाकट्याकडे लागले, आणि त्याने पाहिले की दादाच्या नजरेत रागाचा मागमूस नाही. फक्त एक कारागीर दुसऱ्या कारागिराला विचारतो तसे, का, एवढेच होते.

"किल्ली नव्हती खिशात. सकाळी देऊन टाकली होती. रुमाल बांधावा असं वाटलं, पण रुमाल घामाचा होता. म्हटलं, एकाच दाराचं काम आहे, लक्षात राहील. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला की दादाला आज सोडतायत, गाडी घेऊन ये."

वकीलबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या धाकट्याशी प्रथमच पूर्ण वळून बोलल्या. "तुम्ही आत्ता जे बोललात ते माझ्या अशिलाच्या फायद्याचं आहे. उद्या गरज पडली तर मला ते वापरावं लागेल. तुमच्याविरुद्ध. मी तुम्हा सगळ्यांना बाहेर बसा म्हणाले होते ते यासाठी." संध्याकाळच्या आत त्याने स्वतःचा वकील करावा, आणि ताईनेही, तिसरा, वेगळा. एका वकिलाला तीन होड्यांत पाय ठेवता येत नाहीत. त्यांनी पिशवीतून वकालतनाम्याचा एक कोरा कागद काढला होता. तो दादासमोर ठेवला आणि बाकी दोघांना दोन नावे वहीच्या पानावर लिहून दिली. पान फाडताना झालेला आवाज बराच मोठा वाटला.

"किल्ली कुणाला दिली होती?" हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. कुणीच विचारला नाही. वहिनी मात्र सरळ समोर पाहत होती, आणि तिचा हात दवाखान्याच्या कागदावर होता.

धाकट्याचे घर दवाखान्याच्या समोरच होते. अकरा तारखेला सकाळी ती त्याला म्हणाली होती, इथल्या बाकावर नऊ तास बसून माझी पाठ मोडेल. तुझी किल्ली ठेवून जा, मध्ये जरा आडवी होईन. घे की, तो म्हणाला होता, मला काय संध्याकाळपर्यंत लागत नाही. ती अर्धा तास झोपली होती. छान झोप लागली होती, हे तिला आता आठवले, आणि ती आठवण घेऊन कुठे जावे ते तिला कळेना.

*

वकीलबाई पुन्हा दादाकडे वळल्या. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. सही माझी नाही, मी दवाखान्यात होतो: ही पहिली. त्याने तो बहुधा सुटेल. मग तपास सही करणाऱ्या हाताकडे जाईल, आणि तिथे हयगयीशेजारी खोट्या दस्तऐवजाचा आरोप उभा राहील; दहा दिवस आधी केलेली सही पाहून न्यायाधीश काय म्हणतील, त्याची त्यांना कल्पना करवत नव्हती. दुसरी वाट अशी की ज्याच्या नावाची सही आहे त्यानेच ती करायला सांगितलेली असेल, वर्षानुवर्षे, तर तिथे फसवणारा हात उरत नाही. चुकीची पद्धत उरते. ताई त्या आरोपातून बऱ्याच अंशी बाहेर येते. पण पद्धत ज्याने चालू दिली तो आत येतो, परवाना जातो, आणि सरकारी वकील पहिल्याच दिवशी उभे राहून म्हणतात की याला माहीत होते.

"वह्यांबद्दल माहीत असणं वेगळं, तारेबद्दल माहीत असणं वेगळं. ते दोन्ही एकच आहेत असं ते म्हणतील. नाहीत असं मी म्हणेन. कुणाचं ऐकलं जाईल ते मी आज सांगू शकत नाही." त्या थांबल्या. "आणि नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. बहिणीला वाचवायला भाऊ काहीही बोलेल असं म्हणतील. लेखी काही लागेल. आता तरी मला यांच्याशी एकट्याशी बोलू द्या."

या वेळी सगळे उठले.

बाहेर जिन्याच्या कट्ट्यावर जुन्या दोरांची वेटोळी रचून ठेवली होती. धाकटा त्यांतल्या एकावर बसला, आणि नावे लिहिलेले पान वाचू लागला, दोन नावांत वाचण्यासारखे जेवढे असेल तेवढे. ताईने डोळे पुसायला पिशवीत हात घातला. चष्म्याचे घर बाहेर आले, ते उघडले गेले, आणि त्यात चष्म्याखाली चारघडी घातलेला एक निळसर कागद वहिनीला दिसला. घडीच्या बाहेर आलेल्या दोन शब्दांवरून तिने अक्षर ओळखले. असे तिरके, धावणारे अक्षर तिच्या नवऱ्याचे पूर्वी होते, आता नव्हते.

ताईने पाहिले की तिने पाहिले. मग ती खालच्या आवाजात, धाकट्याला ऐकू जाणार नाही अशी, बोलली. सव्वीस वर्षांपूर्वी दादा सहा महिने परगावी होता, एका गिरणीत सामानाची लिफ्ट उभी करायला. तिथून आलेली ही चिठ्ठी. माझ्या नावाने सही करत जा, मला विचारायला थांबू नकोस, महिन्याच्या एकदम केल्यास तरी चालेल. आठ दिवसांपूर्वी ती शोधून काढली, ताई म्हणाली, फाडून टाकायला. फाडायला घेतली की हात थांबतो. जन्मभर एक कागद फाडलेला नाही.

"वन्सं, ही दाखवलीत तर तुम्ही सुटता."

"आणि तुमचा नवरा अडकतो. म्हणून तर तुम्हाला सांगतेय. तुम्ही काही पाहिलं नाही."

वहिनीने मान हलवली. ती हो म्हणणारी होती की नुसतीच ऐकल्याची, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. चष्म्याचे घर बंद झाले. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता; एकदा खुर्ची सरकली, एकदा दादा खोकला. वहिनीला त्या खोकल्यावरून कळले की तो बोलून मोकळा झाला आहे. अडतीस वर्षांत एखादी गोष्ट ठरवली की तो आधी सांगून टाकी आणि मग खोकत असे.

दार उघडले. वकीलबाई दारातच उभ्या राहिल्या, मागे दादा.

"हे म्हणतात की एक चिठ्ठी आहे. फार जुनी, यांनी लिहिलेली. तुमच्याकडे असेल म्हणतात."

"नाही," ताई म्हणाली. "होती. घर बदलताना गेली कुठेतरी."

"तू काही टाकत नाहीस," दादा म्हणाला.

"तेवढी गेली."

वकीलबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिले, आणि पाहणे लगेच सोडून दिले. त्यांना त्या बाईचे काहीही माहीत असायला नको होते. मग त्या दादाला म्हणाल्या की चिठ्ठी नसेल तर आत ठरले तसे सांगण्यात अर्थ नाही. नुसत्या शब्दावर बहीण सुटणार नाही आणि तुम्ही मात्र अडकाल. ठरवायला उद्या अकरापर्यंत वेळ आहे. दादा मान डोलवत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते की तो उद्या तेच सांगणार आहे, चिठ्ठी असो वा नसो. बाकीचे तिघेही तो चेहरा ओळखत होते.

"आहे," वहिनी म्हणाली.

ताई तिच्याकडे वळली. "वहिनी."

"आहे चिठ्ठी. चष्म्याच्या घरात आहे." मग ती ताईशी बोलली, वकीलबाई तिथे नसल्यासारखी. "त्यांनी सांगून टाकलंय, वन्सं. आता ते मागं येणार नाहीत. चिठ्ठी नसेल तर तुम्हीही जाल आणि तेही जातील, आणि वर खोटे ठरतील. निदान खोटे तरी पडू देऊ नका त्यांना."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय ते?"

"नाही," वहिनी म्हणाली. "पण त्या दिवशी मी झोपले होते. आज जागी आहे एवढंच."

धाकट्याने वर पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले. ताईने पिशवी उघडायला वेळ लावला. चिठ्ठी वकीलबाईंच्या हाती गेली तेव्हा त्यांनी ती घडीच्या कडांना धरून उलगडली, मजकूर वाचला, तारीख वाचली, आणि दादाला विचारले की अक्षर त्याचेच का. त्याने कागद डाव्या डोळ्यापाशी नेला, मग उजव्या. हो म्हणाला. मग वहिनीने हात पुढे केला. नाही म्हणावे असे कुणाला सुचले नाही, आणि तिने ती जिन्यातल्या उजेडात वाचली. सह्यांबद्दल चार ओळी होत्या. दोराच्या जाडीबद्दल तीन. एका ग्राहकाची थट्टा. शेवटी, जागा संपत आल्याने बारीक अक्षरात: हिला सांग, चिंता करू नको, तिच्या आईला बघायला मीही येईन, माझ्यासाठी थांब.

वहिनी बराच वेळ त्या ओळीवर होती. त्या वर्षी ती एकटीच गेली होती.

"हे मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

ताईने आठवून पाहिले. प्रामाणिकपणे पाहिले. "विसरले असेन. त्या दिवशी एक तारीख होती."

वकीलबाईंनी चिठ्ठी परत घेऊन एका पारदर्शक पाकिटात सरकवली. हा कागद जिना उतरून खाली गेला, त्या दादाला म्हणाल्या, की परत वर येणार नाही. अजून विचार करायचा असेल तर करा, मी थांबते. उद्या तुम्हाला विचारतील की बहीण तुमच्या नावाने सह्या करते हे तुम्हाला माहीत होतं का. तुम्ही गप्प राहू शकता. तो तुमचा हक्क आहे, आणि तो मी शेवटपर्यंत राखीन.

दादाने वहिनीकडे पाहिले, मग ताईकडे. धाकटा वेटोळ्यावरून उठून उभा राहिला होता.

"माहीत होतं," दादा म्हणाला.